श्रद्धेच्या विषयाचा शिक्षक : जर्मनीतील प्रॉटेस्टंट धर्मशिक्षकाचा पदव्युत्तर अभ्यास



ज्यांच्या स्मरणार्थ शाळेने ही व्याख्यानमाला सुरू केली, ते हाडाचे शिक्षक होते. म्हणून शिक्षकाच्या शिक्षणाविषयीच बोलावे असे मी ठरविले. विषय मात्र थोडा आडवाटेचा घेतला आहे. गणिताचा, भाषेचा किंवा विज्ञानाचा शिक्षक कसा तयार होतो, हे आपणा सर्वांस माहीत आहे. पदवी, त्यानंतर बी.एड., पाठटाचणांची वही आणि शेवटच्या बाकावर बसलेले परीक्षक, ही वाट येथे बसलेल्यांपैकी अनेकांनी तुडविलेली आहे. परंतु धर्म हाच ज्याचा अध्यापनविषय, असा शिक्षक सरकारी शाळेसाठी तयार करावयाचा झाला, तर त्याने काय शिकावे? त्याची परीक्षा कोणी घ्यावी? आणि मुलांसमोर उभे राहण्याचा अधिकार त्याला कोणी द्यावा?

आपल्याकडे हा प्रश्न राज्यघटनेने बहुतांशी मिटविला आहे. अनुच्छेद २८ प्रमाणे, पूर्णतः शासनाच्या निधीवर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत ते दिले जात असेल, तर विद्यार्थ्याच्या, आणि तो अल्पवयीन असल्यास त्याच्या पालकांच्या, संमतीवाचून त्याला तेथे बसविता येत नाही. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात धर्माचे शिक्षण आणि धर्मांविषयीचे शिक्षण असा भेद केला व दुसऱ्याचा पुरस्कार केला. त्या दुसऱ्या प्रकारासाठी म्हणून स्वतंत्र शिक्षक घडविण्याची व्यवस्था मात्र आपण उभारली नाही.

जर्मनीने याच्या नेमकी उलट वाट धरली आणि ती तडीस नेण्यासाठी एक संपूर्ण विद्यापीठीय अभ्यासक्रम उभा केला. तेथे राज्याचा म्हणून कोणताही धर्म नाही. १९१९ च्या वायमार घटनेने राजधर्म रद्द केला आणि ते कलम आजही लागू आहे. असे असूनही १९४९ च्या मूलभूत कायद्याच्या सातव्या कलमात धर्मशिक्षण हा सरकारी शाळेतील नियमित विषय मानला आहे. नियमित याचा अर्थ वेळापत्रकात तास, गुणपत्रिकेत गुण, शिक्षकाला सरकारी वेतन आणि वर्गावर सरकारी देखरेख. पण त्याच कलमात पुढे म्हटले आहे की, हे शिक्षण त्या त्या धर्मसमाजाच्या तत्त्वांशी सुसंगत असावे. धर्मात सत्य काय, हे ठरविण्याचा अधिकार तटस्थ राज्याला नाही, म्हणून आशय धर्मसमाजाकडे. आणि मुले शाळेची आहेत, म्हणून शिस्त, दर्जा व परीक्षा राज्याकडे, अशी ही वाटणी आहे. १९८७ मध्ये तेथील घटना-न्यायालयाने हे अधिक स्पष्ट केले. धर्मांची निव्वळ तुलना किंवा माहिती देऊन हा विषय पुरा होत नाही. त्या समाजाची श्रद्धातत्त्वे ही त्याने मानलेली सत्ये म्हणून मांडली गेली पाहिजेत, असा त्या निर्णयाचा आशय होता.

या योजनेला तीन सुटकेच्या वाटा ठेवलेल्या आहेत आणि माझ्या मते सगळ्या इमारतीचा भार त्यांच्यावर आहे. पालक आपल्या मुलाला या तासातून काढून घेऊ शकतात. १९२१ च्या एका कायद्यानुसार चौदा वर्षे पूर्ण झाली की मूल स्वतःचा धर्म स्वतः ठरविते, आणि बहुतेक राज्यांत त्या वयापासून हा तास सोडावा की नाही हेही तेच ठरविते. बव्हेरिया व झारलांड ही राज्ये याबाबत अठराव्या वर्षापर्यंत थांबतात. तास सोडणाऱ्यासाठी बहुधा नीतिशास्त्राचा तास असतो. तिसरी वाट शिक्षकाची : कोणत्याही शिक्षकाला त्याच्या इच्छेविरुद्ध धर्म शिकविण्यास भाग पाडता येत नाही. इतर कोणत्याही विषयाच्या शिक्षकाला घटनेने असा नकाराधिकार दिलेला नाही.

आता प्रत्यक्ष अभ्यासक्रमाकडे वळू. त्याआधी त्याच्या एका पूर्वजाचा उल्लेख करणे महाराष्ट्राबाहेर रुजलेल्या आपल्यासारख्या मराठी मंडळींना रुचेल. आउगुस्ट हेरमान फ्रांके या लूथरपंथी पाळकाने १६९५ मध्ये हाले या गावी गरीब मुलांसाठी शाळा काढली. शिक्षक पुरेनात, म्हणून त्याने विद्यापीठातील गरजू विद्यार्थ्यांना जेवण देऊन त्यांच्याकडून वर्ग घेतले, आणि त्यांना शिकवावे कसे हेही शिकविले. जर्मनीतील संघटित अध्यापक-प्रशिक्षणाच्या आरंभीच्या प्रयोगांत याची गणना होते. पुढे याच हालेत शिकलेला क्रिस्टियान फ्रीडरिख श्वार्ट्झ १७५० मध्ये तमिळ किनाऱ्यावरील तरंगंबाडीस आला आणि अखेरीस तंजावरला स्थिरावला. भोसल्यांच्या दरबारासाठी तो मराठीही शिकला. तुळजाजी राजांनी १७८७ मध्ये मरणसमयी आपला दत्तक पुत्र सरफोजी यांची काळजी त्याच्यावर सोपविली. त्यांच्या शिक्षणाकडे आणि गादीवरील हक्काकडे श्वार्ट्झने लक्ष पुरविले. १७९८ च्या फेब्रुवारीत तो वारला, आणि त्याच वर्षी सरफोजी गादीवर आले. सरस्वती महाल ग्रंथालय वाढविणारे हे राजे अखेरपर्यंत हिंदूच राहिले. तरीही आपल्या या गुरूसाठी त्यांनी फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक करवून घेऊन तंजावरच्या चर्चमध्ये बसविले. गुरूचा धर्म न घेता त्याचे ऋण मानणारा हा शिष्य आपल्याच भाषेचा होता, याची नोंद घेऊन पुढे जातो.

आजच्या उमेदवाराचा मार्ग असा आहे. शिक्षणाचा कारभार जर्मनीत सोळा राज्यांकडे असल्याने तपशील बदलतात, आणि बव्हेरियासारख्या काही राज्यांत जुनी शासकीय परीक्षाच चालते. तथापि बहुतेक ठिकाणी सहा सत्रांची पदवी आणि त्यापुढे चार सत्रांची शिक्षणशास्त्रातील पदव्युत्तर पदवी, अशी एकंदर पाच वर्षे होतात. दोन्ही मिळून ३०० श्रेयांक. एका श्रेयांकामागे सुमारे ३० तासांचे काम धरतात, म्हणजे हिशेब ९,००० तासांचा झाला. धर्म हा त्याचा एकमेव विषय नसतो. जर्मन शिक्षक साधारणतः दोन विषय घेऊनच तयार होतो; धर्म आणि इतिहास, धर्म आणि गणित, धर्म आणि इंग्रजी. या दुसऱ्या विषयाचे महत्त्व पुढे कळून येईल.

धर्म या विषयाखाली तो जुना करार, नवा करार, ख्रिस्तसभेचा इतिहास, सिद्धान्त व नीती, इतर धर्मांचा अभ्यास आणि धर्मशिक्षणशास्त्र शिकतो. माध्यमिक शाळेच्या वरच्या वर्गांना, म्हणजे गिम्नाझियममध्ये, शिकवू इच्छिणाऱ्याला राज्यागणिक कमीअधिक प्रमाणात लॅटिन व ग्रीकची परीक्षा द्यावी लागते. हिब्रूचीही तोंडओळख काही ठिकाणी होते. शाळेतल्या मुलांना काही तो ग्रीक शिकविणार नसतो. पण ज्या वचनाचा अर्थ सांगावयाचा, ते मुळात कोणत्या शब्दांत आहे हे शिक्षकाने स्वतः पाहिलेले असावे, असा हा आग्रह आहे. मूळ भाषेपर्यंत जाण्याचा हा दंडक लूथर आणि मेलान्क्थोन यांच्या काळापासून चालत आला आहे.

अभ्यासक्रमाचा सर्वांत अवघड भाग भाषेचा नाही. आजीच्या मांडीवर बसून ऐकलेली बायबलातील गोष्ट घेऊन विद्यार्थी पहिल्या सत्रात येतो, आणि प्राध्यापक ती त्याच्यासमोर उलगडून ठेवतात. नोहाच्या जलप्रलयाची कथा घ्या. उत्पत्तीच्या पुस्तकात सहाव्या ते नवव्या अध्यायांत ती येते. एके ठिकाणी प्रत्येक प्राण्याची एक जोडी तारवात घ्यावयास सांगितले आहे. थोड्याच ओळी पुढे शुद्ध प्राण्यांच्या सात-सात जोड्या घ्यावयास सांगितले आहे. एके ठिकाणी पाऊस चाळीस दिवसांचा, तर दुसरीकडे पाण्याचा जोर दीडशे दिवसांचा. देवाला उद्देशून येणारी नावेही बदलतात. दोन वेगळ्या परंपरांतील कथा कोणा संपादकाने एकत्र विणल्या आहेत, हे अनुमान विद्यार्थ्याला स्वतः मजकुराच्या आधारे करावयास लावतात. नव्या करारात मार्कचे शुभवर्तमान आधीचे आणि मत्तय व लूक यांनी ते समोर ठेवून लिहिले, हेही असेच ओळी शेजारी शेजारी मांडून दाखविले जाते.

मराठी वाचकाला ही पद्धत परकी वाटू नये. पाठभेदांनी बिघडलेली ज्ञानेश्वरी एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध केली, हे आपण शाळेत शिकलो आहोत. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती अनेक दशकांच्या श्रमाने १९६६ मध्ये पुरी केली. तिचे संपादक विष्णु सीताराम सुखटणकर हे बर्लिनला हाइन्रिख ल्यूडर्स यांच्या हाताखाली तयार झालेले होते. पोथ्या ताडून पाठ ठरविण्याची ती शिस्त आणि बायबलची चिकित्सा या एकाच विद्यापीठीय परंपरेत वाढल्या. फरक इतकाच, की सुखटणकरांच्या वाचकाला उद्या सकाळी तिसरीच्या वर्गात उभे राहावयाचे नव्हते.

हा फरक किती खोल आहे, ते यूलियुस वेलहाउझेन यांच्या आयुष्यावरून कळते. बायबलमधील पहिल्या पाच ग्रंथांच्या रचनेविषयी एकोणिसाव्या शतकातील सर्वांत प्रभावी सिद्धान्त त्यांनी मांडला. ग्राइफ्सवाल्ड येथे ते धर्मविद्येचे प्राध्यापक होते. १८८२ मध्ये त्यांनी ते पद आपणहून सोडले. कारण असे दिले, की आपल्याला शास्त्र म्हणून बायबलचा अभ्यास प्रिय आहे, परंतु विद्यार्थ्यांना चर्चच्या सेवेसाठी तयार करणे हे या पदाचे काम आहे, आणि आपल्या शिकविण्याने ते त्या कामाला उलट अपात्र होत आहेत. तेथून ते हालेला पौर्वात्य भाषांचे अध्यापन करण्यास, तेही खालच्या पदावर, गेले. संशोधनात त्यांनी एका अक्षराची माघार घेतली नाही. असा प्रामाणिकपणा विद्यापीठांच्या इतिहासात विरळा आहे.

सव्वाशे वर्षांनी हाच पेच न्यायालयात गेला. ग्योटिंगेनचे नव्या कराराचे प्राध्यापक गेर्ड ल्यूडेमान यांनी १९९८ मध्ये आपण ख्रिस्ती श्रद्धा सोडल्याचे जाहीर केले. चर्चने हरकत घेतली. विद्यापीठाने त्यांचे प्राध्यापकपद राखले, पण अध्यासनाचे नाव बदलले आणि भावी पाळक व धर्मशिक्षक यांच्या परीक्षेशी त्यांचा संबंध तोडला. २००८ मध्ये घटना-न्यायालयाने हा निर्णय उचलून धरला. मला यात ल्यूडेमान यांच्याविषयी सहानुभूती वाटते. ज्या चिकित्सेचे विद्यापीठ कौतुक करते, ती एखाद्याला श्रद्धेपलीकडे घेऊन गेली तर त्याला आपण बाजूच्या खोलीत बसवितो. तरीही न्यायालयाचे म्हणणे मला नाकारता येत नाही. जो विषय एका समाजाच्या श्रद्धेच्या आतून शिकवावयाचा आहे, त्याचे शिक्षक घडविणाराही त्या आतल्या बाजूला असावा, असे म्हणण्यात विसंगती नाही.

पदव्युत्तर पदवीच्या दोन वर्षांत हा सगळा ताण शिक्षणशास्त्राच्या हाती येतो. आधीच्या तीन वर्षांत जे उलगडले, ते आता मुलांपर्यंत न्यावयाचे असते. नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालियासारख्या राज्यांत उमेदवार एक पूर्ण सत्र शाळेतच घालवितो; तास पाहतो, तास घेतो आणि त्यांवर लिहितो. जलप्रलयाची गोष्ट आठ वर्षांच्या मुलाला सांगताना ती दोन परंपरांतून आली हे सांगावे काय? बहुधा नाही. पण ती इतिहासातील नोंद आहे असा त्याचा समज करून दिला, तर पंधराव्या वर्षी तो गोष्टीबरोबर शिक्षकालाही टाकून देईल. मग आज काय सांगावे, जे उद्या मागे घ्यावे लागणार नाही? शिवाय मूल स्वतः विचारतेच, की बाकीच्या माणसांना देवाने का बुडविले. अलीकडच्या काही दशकांत मुलांबरोबर ईश्वरविचार करणे ही एक शाखाच तयार झाली आहे. तीत अशा प्रश्नाला तयार उत्तर देण्याऐवजी मुलाचे स्वतःचे उत्तर शांतपणे ऐकून घेऊन त्याला पुढचा प्रश्न विचारण्याचा सराव उमेदवाराला देतात. सांगावयास सोपे आणि करावयास कठीण असे हे कौशल्य आहे, याची साक्ष येथील कोणताही शिक्षक देईल.

राज्यशास्त्राच्या अध्यापकांनी १९७६ मध्ये बॉयटेल्सबाख येथे एक सूत्र मान्य केले होते : विद्यार्थ्याला आपल्या मताखाली दडपू नये, आणि जे समाजात वादग्रस्त आहे ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच यावे. धर्मशिक्षणानेही ते आपलेसे केले. परीक्षेत गुण ज्ञानाला आणि विचाराला मिळतात, श्रद्धेला नाहीत. नास्तिक विद्यार्थ्यालाही उत्तम गुण मिळाले पाहिजेत, आणि मिळतात.

पदवी हाती आल्यानंतर शाळेतील उमेदवारी असते, बहुधा दीड ते दोन वर्षांची. तिच्या शेवटी दुसरी शासकीय परीक्षा. राज्याच्या दृष्टीने उमेदवार आता शिक्षक झाला. चर्चच्या दृष्टीने अजून नाही. येथे जिला वोकाट्सिओ म्हणतात ती येते. शब्द लॅटिन, अर्थ पाचारण. जर्मनीतील प्रॉटेस्टंट चर्च ही वीस प्रांतिक चर्चांची मिळून बनलेली आहे, आणि शिक्षक ज्या प्रांतात शिकविणार तेथील चर्च त्याला हे पाचारण देते. त्यासाठी तो चर्चचा सभासद असावा लागतो. अनेक प्रांतांत काही दिवसांचे एकत्र शिबिर होते आणि उपासनेच्या वेळी सनद दिली जाते. कॅथलिकांत हीच गोष्ट मिस्सिओ कानोनिका या नावाने होते आणि ती बिशप देतो.

उद्या या शिक्षकाने चर्चचे सभासदत्व सोडले, तर पाचारण रद्द होते आणि धर्माचा तास त्याच्याकडून जातो. नोकरी जात नाही. तो आपला गणिताचा किंवा इतिहासाचा तास घेत राहतो. दुसऱ्या विषयाचे महत्त्व कळून येईल असे मघाशी म्हटले, ते यासाठी. ज्याची भाकरी श्रद्धेवर टांगलेली आहे, त्याच्या श्रद्धेची ग्वाही मुले फारशी मानीत नाहीत. दुसरा विषय हाताशी असलेला माणूस धर्माच्या तासाला उभा राहतो तो आपल्या मर्जीने, हे चौदा वर्षांच्या चाणाक्ष विद्यार्थ्यालाही दिसते.

हे सारे नेहमी सुरळीत चालले असे नाही. युद्धानंतरच्या वर्षांत वर्गात जणू उपासनाच चालावी असा कल होता. १९६० च्या दशकाअखेरीस विद्यार्थी मोठ्या संख्येने तास सोडू लागले, आणि हान्स-बेर्नहार्ड काउफमान यांनी तर बायबल या विषयाच्या केंद्रस्थानी असलेच पाहिजे काय, असा प्रश्न उघडपणे विचारला. त्यानंतर युद्ध, गरिबी, न्याय हे विषय घेऊन तेथून ग्रंथाकडे जाण्याची पद्धत आली. पूर्व जर्मनीत हा विषय शाळेतून हद्दपारच झाला होता. १९९० नंतर तो परतला, पण ब्रांडेनबुर्गने १९९६ मध्ये त्याऐवजी जीवन, नीती व धर्मज्ञान असा एक सर्वांसाठीचा विषय आणला. बर्लिनमध्ये २००६ पासून सातवीपुढे सर्वांना नीतिशास्त्र अनिवार्य झाले. धर्मशिक्षणाला त्याच्या बरोबरीचे पर्यायी स्थान द्यावे, यासाठी २६ एप्रिल २००९ रोजी सार्वमत झाले, ते फसले.

संख्याही घटत आहे. २०२१ अखेरीस प्रॉटेस्टंट व कॅथलिक चर्चांचे सभासद मिळून जर्मनीच्या लोकसंख्येत निम्म्याहून कमी झाले. २०२३ अखेरीस प्रॉटेस्टंट सभासद सुमारे १ कोटी ८५ लाख होते. त्यामुळे आज मास्टर्स करणाऱ्या उमेदवाराला ज्या वर्गाची तयारी करावी लागते, त्या वर्गात सगळी मुले बाप्तिस्मा झालेलीच असतील असे नाही. अनेक राज्यांत प्रॉटेस्टंट व कॅथलिक मुले एकत्र बसतात आणि शिक्षक आळीपाळीने बदलतात. हाम्बुर्गमध्ये सर्व धर्मांच्या मुलांचा एकच तास फार वर्षे प्रॉटेस्टंट चर्चच्या जबाबदारीखाली चालला. २०१२ मध्ये शहराने मुस्लिम व अलेवी संघटनांशी करार केले, तेव्हापासून ती जबाबदारी वाटून घेण्याकडे वाटचाल सुरू झाली.

शास्त्र-परिषदेच्या २०१० च्या शिफारशीनंतर म्युन्स्टर, ओस्नाब्रुक, ट्यूबिंगेन, फ्रांकफुर्ट व एर्लांगेन येथे इस्लामी धर्मविद्येची केंद्रे निघाली. ट्यूबिंगेनला आता प्रॉटेस्टंट, कॅथलिक आणि इस्लामी अशा तिन्ही विषयांचे भावी शिक्षक एकाच विद्यापीठात शिकतात. नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालियाने २०१२ मध्ये इस्लामी धर्मशिक्षण नियमित विषय म्हणून सुरू केले. शिक्षकाच्या अधिकारपत्राला तेथे इजाजा म्हणतात. पण इस्लाममध्ये सभासदांची नोंद ठेवणारी चर्चसारखी एक संस्था नाही. तेव्हा ते पत्र द्यावयाचे कोणी? राज्याला त्यासाठी कायदा करून निराळे मंडळ नेमावे लागले, आणि त्या मंडळावर कोणी बसावे याचा वाद पुढेही चालू राहिला.